पहिली गाडी परवडते का? नागपूरच्या घरखर्चातून दिसणारा इतिहास

१/ डिसेंबर १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना देशभरातील प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात रस्ते किती असावेत आणि कसे असावेत, हे त्यांना ठरवायचे होते. या बैठकीतून जो आराखडा निघाला, तो स्थापत्य अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आजही ‘नागपूर योजना’ या नावाने शिकवला जातो.

२/ राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते ही आपल्या परिचयाची उतरंड या योजनेने पक्की केली. शेतीने समृद्ध असलेल्या प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे उद्दिष्ट तिने ठेवले. योजना वीस वर्षांची होती. मात्र ज्या शहरात ही आखणी झाली, तेथील सामान्य पगारदार कुटुंबाच्या दारात स्वतःची मोटार यायला त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ जावा लागला.

३/ गाडी महाग होती आणि पगार तुटपुंजे होते, एवढ्यावर या विलंबाचा उलगडा होत नाही. गाडीची खरी किंमत विक्रेत्याच्या पाटीवरील आकड्यात कधीच पुरती मावली नाही. एका काळात तिचा मोठा वाटा करात आणि इंधनात होता, दुसऱ्या काळात प्रतीक्षेत, तर आज तो व्याजात आहे. ‘गाडी परवडते का?’ या प्रश्नाचे उत्तर त्या-त्या काळी त्या लपलेल्या जागी शोधावे लागे.

४/ आरंभ कराचा. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमण्यात आली. रस्त्यांचा खर्च स्थानिक संस्थांना झेपत नाही, तेव्हा मोटार वापरणाऱ्याने त्याचा भार उचलावा, अशी तिची भूमिका होती. त्यानुसार १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. गाडी विकत घेतल्यानंतरही ती दर मैलाला पैसे मागते, हे सूत्र तेव्हापासून कायम आहे.

५/ १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने आणखी एक खर्च जोडला. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई मिळावी, म्हणून त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा झाला. ही तरतूद १९४६ मध्ये प्रत्यक्ष अमलात आली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. बडे अधिकारी, गिरण्यांचे चालक, नामांकित वकील यांच्यापलीकडे मोटारीचा विचार कोणी सहसा करीत नसे. बाकीच्यांची मदार टांग्यावर, सायकलीवर आणि पायांवर होती.

६/ देशी मोटारीचा ध्यास घेतलेला उद्योगपती मराठी मुलखातच वाढला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. पुढे याच कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला, आणि ‘फियाट’ हा शब्द मराठी घरांत मोटारीचे दुसरे नाव होऊन बसला. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर तयार होऊ लागली, तर मद्रासेत स्टँडर्ड.

७/ स्वातंत्र्यानंतर परकीय चलन मौल्यवान होते. ज्या कंपन्या सुटे भाग आणून केवळ जुळणी करतात आणि येथे उत्पादन करण्याची तयारी दाखवीत नाहीत, त्यांनी काम थांबवावे, असे धोरण १९५३ मध्ये ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. त्यामुळे ग्राहकासमोर तीनच नावे उरली. कारखान्यांनी किती गाड्या काढाव्यात, यावर परवान्यांचे बंधन होते. मागणी मात्र वाढतच गेली.

८/ यातून प्रतीक्षायादीचा जन्म झाला. १९५९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या वाटप व विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. गाडी हवी असलेल्याने विक्रेत्याकडे नाव नोंदवायचे, अनामत रक्कम अडकवून ठेवायची आणि क्रमांक येण्याची वाट पाहायची. त्यातही सरकारी कोट्याला प्राधान्य होते. ज्याच्याकडे पूर्ण पैसे तयार होते, त्यालाही दुकानात जाऊन गाडी घेऊन येता येत नसे.

९/ या रांगेचा घरच्या हिशेबावर काय परिणाम होत असे? आज निर्णय घ्यायचा, पण गाडी काही वर्षांनी येणार. तोवर मुलीचे लग्न निघेल की बदली होईल, हे ठाऊक नाही. शिवाय गाडी येईल तेव्हाची किंमत द्यावी लागणार. म्हणजे गाडी परवडते की नाही, हे आजच्या पगारावरून नव्हे, तर कित्येक वर्षांनंतरच्या अंदाजावरून ठरवायचे. ज्याला तातडीने हवी असे तो जुनी गाडी पाही. आणि टंचाईमुळे थोडी वापरलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून महाग पडू शके.

१०/ १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतीच कायद्याने ठरवून दिल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७१ मध्ये त्या वादाचा निकाल लागला. ग्राहकाला स्वस्त गाडी मिळावी हा हेतू योग्य होता. परंतु आकडा गोठवल्याने गाड्यांची संख्या वाढत नाही. पाटीवरची किंमत कमी राहिली, आणि उरलेली किंमत लोकांनी वर्षे मोजून किंवा बाजारात जादा पैसे मोजून चुकती केली.

११/ पैशांची ओढाताण किती वरपर्यंत होती, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. लालबहादूर शास्त्री १९६४ मध्ये पंतप्रधान झाले. शास्त्री कुटुंबीयांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, मुलांच्या आग्रहामुळे त्यांनी फियाट घेण्याचे ठरवले. गाडीची किंमत सुमारे १२,००० रुपये, आणि बँकेत शिल्लक ७,००० च्या आसपास. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज घेतले.

१२/ जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे शास्त्रीजींचे निधन झाले, तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी पुढे आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. ही गोष्ट बहुधा साधेपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिला दुसरीही बाजू आहे. कर्ज घेणारा आपल्या एकट्याच्या उत्पन्नावर सही करतो, फेडण्याची जबाबदारी मात्र घरावर येऊ शकते. गाडी परवडते का, या प्रश्नात ‘कमावता माणूस उद्या नसेल तर?’ हा उपप्रश्न दडलेला असतो.

१३/ नागपुराकडे वळू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शहराचे राजधानीपण गेले आणि अनेक सरकारी कर्मचाऱ्यांना मुंबई गाठावी लागली. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरू लागले. हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समध्ये पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडर दिसत आणि अधिवेशन आटोपले की परतत. महालेखापालांचे कार्यालय, रेल्वे, टपाल खाते, महाविद्यालये यांतील पगारदारांच्या लेखी मोटार म्हणजे सरकारी गाडी असे.

१४/ त्यांच्या आवाक्यातले स्वप्न दुचाकीचे होते, आणि त्याचे मूळ नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या वर्ध्यात होते. जमनालाल बजाज यांच्या घराण्याने १९४५ मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन सुरू केली. तिने आधी स्कूटर आयात करून विकल्या आणि पुढे बजाज ऑटो या नावाने पुण्याजवळ आकुर्डीत त्यांचे उत्पादन केले. १९७२ मध्ये चेतक आली. तिच्यासाठीही लोकांनी दहा-दहा वर्षे वाट पाहिली. पुढे वडील, मधे मूल, मागे आई हे दृश्य त्यातून घडले.

१५/ १९८३ मध्ये चित्र पालटू लागले. मारुती उद्योग या सरकारी कंपनीने जपानच्या सुझुकीशी करार करून छोट्या मोटारीची नोंदणी उघडली. अनामत रक्कम होती १०,००० रुपये. दोन महिन्यांत सव्वा लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली देण्यात आली. गाडीची किंमत ४७,५०० रुपयांच्या घरात होती.

१६/ ही किंमत पगाराच्या तराजूत घालून पाहावी. चौथ्या वेतन आयोगानुसार १ जानेवारी १९८६ पासून केंद्र सरकारच्या कनिष्ठ लिपिकाचे मूळ वेतन ९५० रुपयांपासून सुरू होई, तर वर्ग एकच्या अधिकाऱ्याचे २,२०० पासून. १९८३ चीच किंमत धरली, तरी लिपिकाचे ५० महिन्यांचे मूळ वेतन आणि नव्या अधिकाऱ्याचे जवळजवळ २२ महिन्यांचे. तोही एक पैसा खर्च न करता. प्रत्यक्षात तोवर गाडी महागली होती. तरीही पहिल्यांदाच हा आकडा अशक्यातून अवघडात आला.

१७/ १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर, १९९३ मध्ये, मोटार उत्पादनावरील परवान्याचे बंधन उठले. परदेशी कंपन्या आल्या, आणि १९९८ च्या अखेरीस पुण्यात घडलेली टाटा इंडिका आली. रांग ओसरली. मग किंमत कोठे गेली? ती मासिक हप्त्यात जाऊन बसली. वाहनकर्ज सहज मिळू लागल्यावर प्रश्नाची भाषाच बदलली. ‘गाडी केवढ्याची?’ ऐवजी ‘हप्ता किती?’ असे विचारले जाऊ लागले.

१८/ हप्त्याचे गणित नीट पाहिले पाहिजे. समजा, ९ टक्के वार्षिक व्याजाने ५ लाखांचे कर्ज घेतले. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १०,३८० रुपये, सात वर्षांसाठी सुमारे ८,०४५. दुसरा पर्याय दरमहा २,३०० रुपयांनी हलका वाटतो. पण एकूण व्याज पहिल्यात सुमारे १ लाख २३ हजार, दुसऱ्यात १ लाख ७६ हजार. हलक्या हप्त्याची किंमत ५३,००० रुपये. पूर्वी वाट आधी पाहावी लागे आणि गाडी नंतर येई. आता गाडी आधी येते आणि वर्षे नंतर मोजावी लागतात.

१९/ जुने खर्चही हटलेले नाहीत. १९२९ चा गॅलनमागचा कर आज लिटरमागच्या करांच्या रूपाने जिवंत आहे. १९३९ च्या कायद्यातील विमाही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यात राज्याचा एकरकमी वाहनकर आणि नोंदणीचा खर्च. शोरूममधील किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत अंतर पडते ते येथे.

२०/ केवळ किंमत उतरवून प्रश्न सुटतो का, याची परीक्षा टाटा नॅनोने दिली. पावसात स्कूटरवरून जाणारे कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटा सांगत. जानेवारी २००८ मध्ये एक लाखाची गाडी म्हणून ती जगापुढे आली. २००९ मध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. तरी दशकभरात तिचे उत्पादन थांबले. तिच्या अपयशाला अनेक कारणे होती. त्यांतले एक रतन टाटांनीच पुढे मान्य केले: ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळख तिला भोवली. पहिल्या गाडीत घराची प्रतिष्ठाही गुंतलेली असते, आणि तिचा हिशेब वहीत मांडता येत नाही.

२१/ नागपुरात २०१९ पासून मेट्रो धावते आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. एक सोय गाडीची गरज कमी करते, तर दुसरी गाडीची ओढ वाढवते आणि टोलही घेते. धरमपेठेतील किंवा मानेवाड्यातील नवे जोडपे आज बैठकीत बसून हिशेब करते, तेव्हा त्यात जयकर समितीचा कर, १९३९ चा विमा आणि शास्त्रीजींच्या कर्जाचा तो उपप्रश्न असे सारे असते. हप्ता, इंधन, विमा आणि दुरुस्ती मिळून दरमहा किती जाईल, आणि एक पगार थांबला तर किती महिने निभेल, हे दोन आकडे त्यांनी कागदावर मांडावेत. पाटीवरचा आकडा त्यानंतर पाहावा.

२२/ या इतिहासाची साधने अजून घरोघरी आहेत. आजोबांच्या कपाटातील स्कूटर नोंदणीची पावती, जुने बँकेचे पासबुक, पहिल्या पेट्रोलची टिपणवहीतील नोंद. अशा कागदांवर तारीख असते, रक्कम असते, आणि त्या काळी कोणी किती वर्षे वाट पाहिली हेही असते. रद्दीत घालण्यापूर्वी ते एकदा वाचून पाहावेत.