उन्हात मागे पडणारे घड्याळ

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांना वाटले असेल की, लाखालाखांच्या घड्याळांची वर्णने येथे ऐकावयास मिळणार. सोन्याची केस, हिऱ्यांची तबकडी, राजेरजवाड्यांचा शौक! तसे काही आमच्या मनात नाही. घड्याळाच्या केसवरचे सोने सराफाचे असते. घड्याळजीचे खरे धन आतल्या चाकात आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये आहे. त्या दोन वस्तूंना सगळ्यांत मोठा त्रास कोणाचा झाला, असे विचारले तर उत्तर एका शब्दाचे आहे: उन्हाचा. किनवटकरांइतका या उत्तराचा अनुभव कोणाला असणार?

आपल्याकडे पौषातल्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि वैशाखात दुपारी त्रेचाळीसच्या वर चढतो. म्हणजे तेहेतीस अंशांचा फरक. अठराव्या शतकात फेर्दिनां बर्थू या फ्रेंच घड्याळकाराने नेमका हाच हिशेब मांडून ठेवला आहे. त्याचे आकडे फॅरनहाइटमध्ये ३२ ते ९२ अंशांचे, म्हणजे आपल्या तेहेतीस सेल्सियस अंशांच्या अंतराचे आहेत. तेवढी उष्णता वाढली तर साधे चाक आणि पोलादी स्प्रिंग असलेले घड्याळ दिवसाला ३९३ सेकंद, म्हणजे सहा मिनिटे तेहेतीस सेकंद मागे पडते. आठवड्यात पाऊण तास झाला! आदिलाबादची गाडी गाठण्यासाठी असल्या घड्याळावर भरवसा ठेवणाऱ्याला फलाटावर दुसऱ्या गाडीची वाट पाहावी लागेल.

पण बर्थूचे मोठेपण हा आकडा सांगण्यात नाही, तो फोडून दाखविण्यात आहे. त्याच्या हिशेबात ६२ सेकंद चाक फुगल्यामुळे जातात, १९ सेकंद स्प्रिंग लांबल्यामुळे जातात आणि उरलेले ३१२ सेकंद स्प्रिंगचा जोर कमी झाल्यामुळे जातात. धातू तापला की पसरतो हे आपल्या लोहारालाही ठाऊक असते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना तो ती आधी तापवून घेतो ती याचसाठी. पण धातू तापला की त्याचा ताठरपणाही कमी होतो, आणि पाच भागांतले चार भाग नुकसान या न दिसणाऱ्या गोष्टीने होते, हे समजण्यास मात्र घड्याळ लागले.

येथे यंत्राची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. खिशातल्या किंवा मनगटावरच्या घड्याळात लंबक टांगता येत नाही. त्याच्या ऐवजी एक छोटे चाक मागेपुढे झोके घेत असते. त्याला प्रत्येक वेळी परत ओढून आणते ती चकलीसारखी गुंडाळलेली बारीक स्प्रिंग. ही युक्ती ख्रिस्तियान हॉयगेन्स याने १६७५ मध्ये प्रसिद्ध केली. स्प्रिंग सैल पडली की चाक आळसाने फिरते आणि घड्याळ मागे पडते. घड्याळजी मागचे झाकण उघडून एक नाजूक दांडी सरकवितो. स्विस घड्याळांत तिच्या बाजूला 'ए' आणि 'आर' अशी अक्षरे असतात. एकीकडे सरकविली की घड्याळ पुढे धावते, दुसरीकडे सरकविली की मागे राहते. आमच्या घरी एक जुने खिशातले घड्याळ खुंटीला टांगलेले असे. उन्हाळ्यात ते घड्याळजीकडे जाई आणि दांडी सरकवून येई. दिवाळीनंतर तेच घड्याळ पुढे पळू लागे आणि पुन्हा घड्याळजीकडे जाई. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तो दर खेपेस ऋतूलाच दुरुस्त करीत होता. अंगावर वागविलेल्या घड्याळाला शरीराची ऊब सारखी मिळते, म्हणून त्याची चूक कमी असते. खुंटीवरच्या घड्याळाला मात्र सारा ऋतू सोसावा लागतो.

यावर इलाज निघाला तो दोन धातूंच्या भांडणातून. पितळ पोलादापेक्षा अधिक पसरते. दोहोंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या आणि तापविल्या तर जोडपट्टी वाकते, कारण एक बहीण पुढे जाऊ पाहते आणि दुसरी तिला सोडीत नाही. इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने ही जोडपट्टी आपल्या समुद्रावरच्या घड्याळांत वापरली. पुढे फ्रान्सच्या पिएर ल रॉयने आणि इंग्लंडच्या अर्नोल्ड व अर्नशॉ यांनी उपाय चाकातच आणला. चाकाची कड बाहेरून पितळेची आणि आतून पोलादाची करावयाची आणि ती दोन ठिकाणी कापून मोकळी सोडावयाची. ऊन वाढले की मोकळी टोके आत वळतात, चाक जणू लहान होते आणि लहान चाक चपळ फिरते. स्प्रिंगच्या आळसाची भरपाई चाकाच्या चपळाईने होते. कडेवर बसविलेले इवलेसे स्क्रू आतबाहेर करून घड्याळकार ही भरपाई मोजून बसवी. असले घड्याळ महाग असे, आणि ते योग्यच होते. थंड पेटीत आणि गरम पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवून त्याची परीक्षा घ्यावी लागे.

आता थोडे विषयांतर करतो, पण ते किनवटच्या वाटेवरचेच आहे. ७८ अंश पूर्व हे रेखावृत्त किनवटच्या किंचित पश्चिमेकडून जाते. या रेखेच्या आसपास कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत हिंदुस्थानची जी महान मोजणी झाली, तिचा पहिला नायक विल्यम लॅम्टन हा आपल्या उत्तरेस हिंगणघाटला जानेवारी १८२३ मध्ये वारला; त्याची समाधी तेथे आहे. मोजणीच्या पायारेषेसाठी त्याच्याजवळ शंभर फुटांची पोलादी साखळी होती. चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून निघालेली आणि तेथे न स्वीकारली गेलेली ही साखळी शेवटी आपल्या मुलखाच्या वाट्याला आली. १८१५ मध्ये बीदरजवळ पायारेषा मोजताना लॅम्टनपुढचे संकट आणि घड्याळकारापुढचे संकट एकच होते. ऊन एक अंश फॅरनहाइट वाढले की साखळी सुमारे सात सहस्रांश इंच लांबत होती. म्हणून तो ती लाकडी पेट्यांत ठेवी, वर तंबूची सावली धरी आणि जागोजागी उष्णतामापक ठेवून बेरीजवजाबाकी करी. शंभर फुटांत सात सहस्रांश म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण त्या एका रेषेवर शेकडो मैलांचे त्रिकोण उभे राहावयाचे होते.

लॅम्टननंतर जॉर्ज एव्हरेस्टने साखळी बाजूला ठेवली आणि १८३० मध्ये विलायतेहून नव्या पट्ट्या आणल्या. दहा फुटांची एक पितळी पट्टी आणि तितकीच लोखंडी पट्टी मध्यभागी जोडलेल्या, आणि टोकांना अशा युक्तीने बसविलेल्या जिभा की दोन्ही पट्ट्या कितीही पसरल्या तरी जिभांवरच्या खुणांमधले अंतर तेवढेच राहावे. इंग्रज अधिकारी कोल्बी याची ही योजना. श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल, ही घड्याळाच्या चाकाचीच बहीण आहे! याच पट्ट्यांनी १८४१ मध्ये बीदरची पायारेषा पुन्हा मोजली गेली. पितळ आणि लोखंड एकाच वेगाने तापत नाहीत, हा या पट्ट्यांचा खोडकरपणा एव्हरेस्टला चांगलाच छळत असे. त्याच्या यंत्रशाळेत हेन्री बॅरो या इंग्रज कारागिराबरोबर अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन काम करीत. बॅरोनंतर खात्याच्या यंत्रांची जबाबदारी याच देशी कारागिरावर आली. एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले. मोहसीन हुसेनांचे नाव आपल्या किती शाळांत सांगितले जाते?

दोन धातूंच्या चाकातही खोट होतीच. भरपाई थंडीला आणि उन्हाला बरोबर बसविली, तर मधल्या हवेत घड्याळ दोनएक सेकंद पुढे जाई. चूक क्षुल्लक, पण दर्यावर्दी माणसाला तीही चालत नसे. त्यावर शंभर वर्षे मोठमोठ्या घड्याळकारांनी डोके झिजविले आणि उपाय सापडला तो घड्याळजी नसलेल्या माणसाला. शार्ल एदुआर गियोम हा स्वित्झर्लंडमधल्या फ्लरिए गावच्या घड्याळकाराचा मुलगा. नोकरी पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात. तेथे त्याला मीटरचे नमुने करण्यासाठी प्लॅटिनमपेक्षा स्वस्त, पण न पसरणारा धातू हवा होता. लोखंडात शेकडा ३६ भाग निकेल मिसळल्यावर तयार होणारा धातू उन्हात जवळजवळ पसरतच नाही, असे त्याला १८९६ मध्ये दिसून आले. त्याचे नाव इन्वार. त्या संशोधनाच्या पोटातून निघाला एलिन्वार: ज्याचा ताठरपणाच उन्हाने बदलत नाही असा निकेल, क्रोम आणि लोखंडाचा मिश्रधातू. बर्थूने सांगितलेल्या ३१२ सेकंदांचे उत्तर ते हेच. १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक गियोमला मिळाले. मोजणीची साखळी आणि घड्याळाची स्प्रिंग शंभर वर्षे वेगवेगळ्या वाटांनी चालत होत्या, त्या या एका माणसाच्या टेबलावर एकत्र आल्या.

१९३३ च्या सुमारास राइनहार्ड श्ट्राउमान या स्विस अभियंत्याने निवारॉक्स नावाचा मिश्रधातू आणला. तो न गंजणारा, कणखर आणि उन्हाला दाद न देणारा. चाक बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचे, अखंड, कापाशिवायचे. आता भरपाईची कसरतच उरली नाही. पूर्वी धनिकाला आणि आरमाराला मिळणारी अचूकता कारखान्यातून थैल्या भरून बाहेर पडू लागली. बंगळूरला एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने १९६१ पासून मनगटी घड्याळे केली. त्यांतल्या एकाचे नावच 'जनता' होते. मास्तरांच्या, तलाठ्यांच्या, एसटीच्या वाहकांच्या मनगटावर ते दिसे. त्या काळच्या बहुतेक घड्याळांप्रमाणे त्याच्याही पोटात गियोमच्या नोबेल पारितोषिकाचा वंशज झोके घेत असे, आणि लोक चौकशी करीत ती मात्र 'ज्वेल किती?' एवढीच! सतरा ज्वेल म्हणजे सतरा माणके, घड्याळ मोडले तरी निदान माणके विकता येतील, अशी समजूत आम्ही स्वतः ऐकली आहे. माणकांना भोक पाडून त्यांत आस फिरविण्याची कल्पना लंडनमध्ये १७०४ ची. तेव्हा ती खरी माणके होती. १९०२ मध्ये फ्रान्सच्या वेर्नोयने भट्टीत माणिक तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून घड्याळातल्या माणकाची किंमत नगण्य झाली. गुण मात्र तेच राहिले.

मग १९६९ च्या नाताळात सायको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस काढले आणि सगळ्या स्प्रिंगांचा गर्व उतरविला. महिन्याला पाच सेकंदांची चूक! चावीच्या घड्याळांचे हजारो कारागीर स्वित्झर्लंडात बेकार झाले. आपल्याकडे एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. चावीचे घड्याळ आता गरजेचे राहिले नाही, शौकाचे झाले, आणि नवे पदार्थ शौकिनांच्या घड्याळात शिरले. टायटॅनियम, चिनी मातीच्या जातीचे कठीण सिरॅमिक, कार्बनचे धागे यांच्या केसा निघाल्या. आमच्या मते त्यांतले पुष्कळसे पोशाखाच्या सदरात जमा करावे.

एक गोष्ट मात्र खरोखर नवी आहे: सिलिकॉन. वाळूतले मूलद्रव्य, संगणकाच्या चिपा ज्याच्या करतात ते. २००१ मध्ये युलिस नार्दां कंपनीने 'फ्रीक' नावाच्या घड्याळात सिलिकॉनची चाके बसविली, आणि पाच वर्षांनी पाटेक फिलिपने सिलिकॉनची स्प्रिंग आणली. तिला गंज नाही, लोहचुंबकाची बाधा नाही. कानशीने घासून नव्हे, तर रसायनाने कोरून ती घडविली जाते. पण शुद्ध सिलिकॉनही उन्हात सैल पडते! मग त्यावर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर चढवितात. सिलिकॉन तापून मऊ होते, ऑक्साइड तापून ताठ होते, आणि एकाचे उणे दुसरा भरून काढतो. हॅरिसनची पितळ-पोलादाची जोडी अडीचशे वर्षांनी केसाहून बारीक होऊन परत आली आहे.

तिचे एक दुखणे आहे आणि ते आम्हांला हलके वाटत नाही. सिलिकॉन वाकत नाही, तुटते. पोलादी स्प्रिंग वाकली तर आपला घड्याळजी डोळ्याला भिंग लावून चिमट्याने ती पुन्हा सरळ करी. सिलिकॉनची तुटली तर तो काय करणार? परदेशच्या कारखान्याकडे पाठवा, एवढेच सांगणार. पन्नास वर्षे टिकणारी म्हणून जी वस्तू विकली जाते, तिचे आयुष्य एका कारखान्याच्या मर्जीवर राहते. जुन्या खिशातल्या घड्याळाला निदान दर ऋतूला गावातच वैद्य मिळत होता.

ज्यांच्या घरी आजोबांचे घड्याळ असेल, त्यांनी ते एकदा ओळखीच्या घड्याळजीकडून उघडून पाहावे, ही विनंती. झोके घेणारे चाक पाहा. कडेवर पिवळा आणि पांढरा असे दोन पदर दिसले आणि कड दोन जागी कापलेली असली, तर ती अर्नशॉची परंपरा. मात्र स्वस्त घड्याळांत कापाचा आणि स्क्रूंचा नुसता देखावा करून ठेवलेला असे, तेव्हा दोन रंग नीट तपासावे. चाक अखंड, सोनेरी झाकेचे आणि गुळगुळीत दिसले, तर बहुधा ते बेरिलियमच्या तांब्याचे, १९३० नंतरचे. एक रंग, साधी पितळी कड आणि निळसर पोलादी स्प्रिंग दिसली, तर ते आमच्या खुंटीवरच्या घड्याळाचे भाऊबंद. त्याला चावी देऊन वैशाखात आठवडाभर खुंटीला टांगून ठेवा आणि रोज रेडिओच्या ठोक्याशी ताडून पाहा.