‘अत्तदीप’ चीनमध्ये कसा पोहोचला?

स्वायत्तता म्हणजे आपला आधार आपणच होणे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना हेच सांगितले : अत्तदीप व्हा. पालीत ‘दीप’ म्हणजे दिवा आणि बेटसुद्धा! मग चिनी भाषांतरकारांनी काय केले? इ.स. ४१३ मध्ये चांगआन येथे बुद्धयश व झू फोनियान यांनी दीर्घागमात ‘स्वतः प्रज्वलित व्हा’ असा अर्थ घेतला. त्याच शतकात गुणभद्रांच्या संयुक्तागमात ‘बेट’ आले. दोन्हीकडे ‘स्वतः’साठी अक्षर मात्र एकच. आजही चिनी भाषेत स्वायत्ततेचे शब्द त्याच अक्षराने सुरू होतात. अंधारात दिवा हवा, पुरात बेट हवं. दोन्ही अर्थ खरेच. पण तथागतांनी ‘स्वतः’सोबत धम्मालाही शरण जायला सांगितले. धम्म सोडला तर उरते ती नुसती मनमानी, स्वायत्तता नव्हे.