टेनिस रॅकेटच्या तारा
रॅकेटच्या जाळीत उभ्या व आडव्या तारा एकमेकींत विणलेल्या असतात. चेंडू घासून मारला की उभ्या तारा बाजूला सरकतात. त्या चटकन जागेवर परतल्या, तर चेंडूला जादा फिरकी मिळते. गुळगुळीत पॉलिएस्टरमध्ये हे उत्तम साधते. गुस्तावो क्युर्टेनने १९९७ची फ्रेंच ओपन स्पर्धा अशाच तारांनी जिंकली आणि त्यांचा प्रसार वाढला. नायलॉनच्या तारा सरकल्या जागीच अडकतात. म्हणून खेळाडू दोन गुणांच्या मध्ये त्या बोटांनी सरळ करताना दिसतात. गाईच्या आतड्याची नैसर्गिक तात ताण दीर्घकाळ टिकवते, हाताला मऊ लागते. मात्र ती महाग असून ओलाव्याने खराब होते. पॉलिएस्टर ताठर, त्याचा ताणही लवकर उतरतो. नवशिक्यांनी आणि कोपर दुखणाऱ्यांनी ते टाळावे.