नोइतामधील किमया

नोइतामधील किमया म्हणजे 'नोइता' या व्हिडिओ गेममध्ये पदार्थांच्या परस्पर अभिक्रियांतून नवे व दुर्मीळ पदार्थ निर्माण करण्याची पद्धती होय. नोइता हा 'फॉलिंग सँड' अर्थात 'पडती वाळू' या प्रकारातील खेळ असून तो फिनलंडमधील नोल्ला गेम्स या संस्थेने तयार केला आहे. फिनिश भाषेत 'नोइता' या शब्दाचा अर्थ चेटकीण असा होतो. हा खेळ २४ सप्टेंबर २०१९ रोजी अपूर्णावस्थेत आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला.

पार्श्वभूमी

पडत्या वाळूच्या खेळांत पडद्यावरील प्रत्येक बिंदू हा एखाद्या पदार्थाचा कण मानला जातो. २००५ च्या सुमारास जपानमधून असे खेळ इंटरनेटवर पसरले. पुढे 'पावडर गेम', 'द पावडर टॉय' इत्यादी खेळांनी हा प्रकार लोकप्रिय केला. या खेळांना सहसा निश्चित ध्येय नसे. पदार्थ ओतावेत आणि काय घडते ते पाहावे, एवढाच त्यांचा हेतू असे. नोइताने या प्रयोगशाळेत मृत्यूचे भय आणले. नोल्ला गेम्सच्या संस्थापकांपैकी पेट्री पुर्हो हे 'क्रेयॉन फिजिक्स डिलक्स', ओल्ली हार्योला हे 'द स्वॅपर' आणि आर्वी तेइकारी हे 'बाबा इज यू' या खेळांचे कर्ते म्हणून ओळखले जातात.

कणांचे नियम

वाळूचा कण प्रथम थेट खाली सरकण्याचा प्रयत्न करतो. खालची जागा व्यापलेली असल्यास तो तिरपा खाली घसरतो. द्रवाचा कण याखेरीज आडवाही पसरतो, तर वायू वर चढतो. कमी घनतेचा द्रव जड द्रवावर तरंगतो. म्हणूनच तेल पाण्यावर राहते आणि तेथेही पेट घेते. एवढ्या असंख्य कणांची गणना वेगाने व्हावी यासाठी जग ६४ × ६४ बिंदूंच्या चौकटींत विभागलेले असते. ज्या भागात हालचाल आहे तेवढ्याच भागाची गणना केली जाते. शेजारच्या चौकटींत एकाच वेळी फेरबदल होऊ नयेत म्हणून बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक चौकटी घेऊन हे काम चार फेऱ्यांत पूर्ण होते.

प्राथमिक अभिक्रिया

'माइनक्राफ्ट'सारख्या खेळात वस्तू तयार करण्यासाठी ३ × ३ घरांची चौकट असते व घटक तेथे मांडावे लागतात. नोइतामध्ये अशी चौकट किंवा यादी नाही. दोन पदार्थांचा प्रत्यक्ष स्पर्श झाला तरच अभिक्रिया घडते. लाव्हा व पाणी एकत्र आल्यास खडक व वाफ तयार होते आणि वाफ थंड होऊन पुन्हा पाणी बनते. विषारी गाळावर पाणी ओतल्यास गाळाचे पाणी होते. आम्ल बहुतेक घन पदार्थ विरघळवते, पण त्यातून ज्वलनशील वायू निघतो व जवळ ज्योत असल्यास भडका उडतो. भिजलेले पात्र सहजी पेटत नाही; मात्र पाण्यातून वीज वाहत असल्यामुळे तेच पाणी घातकही ठरू शकते.

साहित्य गोळा करण्यासाठी खेळाडूकडे काचेच्या बाटल्या असतात. त्यांत द्रव भरता येतो, ओतता येतो, पिता येतो किंवा बाटली फेकून फोडता येते. चूर्णरूप पदार्थांसाठी पिशवी असते. अशा वस्तू ठेवण्यास केवळ चार जागा असल्याने काय जवळ बाळगावे आणि काय टाकून द्यावे, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

दुर्मीळ द्रव्ये

किमयेचे प्रमुख साध्य दोन द्रव्ये होत. 'लाइव्हली कॉन्कॉक्शन' हे द्रव्य जखमी पात्रास बरे करते. खेळात प्रकृती भरून काढण्याचे मार्ग मोजकेच असल्यामुळे त्याचे मोल मोठे आहे. 'अल्केमिक प्रिकर्सर' या दुसऱ्या द्रव्यापासून पुढील टप्प्यात 'ड्राफ्ट ऑफ मायडास' मिळवता येते. ज्याच्या स्पर्शाने वस्तू सोन्याची होत असे त्या ग्रीक कथेतील मायडास राजाचे नाव या द्रवास दिले आहे. मराठी वाचकास येथे परिसाची आठवण व्हावी.

या दोन्ही द्रव्यांची कृती निश्चित नसते. प्रत्येक डावाचे जग एका बीजसंख्येवरून निर्माण होते आणि त्याच संख्येवरून प्रत्येकी तीन घटक ठरतात. पाणी, चिखल, रक्त, तेल, लाव्हा अशा द्रवांबरोबर कधी वाळू, कोळसा, मध किंवा चांदी यांसारखा पदार्थही त्यांत असतो. अभिक्रिया घडण्याची शक्यताही डावागणिक बदलते. त्यामुळे मागील डावातील कृती पुढील डावात सहसा उपयोगी पडत नाही. बीजसंख्येवरून कृती शोधून देणारी साधने खेळाडूंनी तयार केली आहेत. तथापि अनेकांना प्रयोगातून ती शोधणेच अधिक रुचते.

बुरशीजन्य रूपांतर

विशिष्ट बुरशीचे पुरेसे सेवन केल्यास जगातील एक पदार्थ सर्वत्र दुसऱ्या पदार्थात बदलतो. कधी कधी त्या क्षणी हातात असलेल्या बाटलीतील द्रवाचा या बदलात समावेश होतो. अनुभवी खेळाडू याचा हेतुपुरस्सर उपयोग करतात. परंतु एखादा निरुपद्रवी द्रव घातक द्रवात बदलल्यास पुढील सर्व प्रवासच धोक्याचा होतो.

धोके आणि ज्ञानाचे स्थान

नोइतामध्ये मृत्यू अंतिम असतो. पात्र मरण पावल्यास जमवलेले सोने, जादूच्या कांड्या व बाटल्या नष्ट होतात आणि नव्या जगात पुन्हा आरंभ करावा लागतो. 'पॉलिमॉर्फीन' अंगावर सांडल्यास पात्राचे मेंढीसारख्या दुर्बळ प्राण्यात रूपांतर होते. प्रयोग करताना फुटलेली एक बाटली डाव संपवण्यास पुरेशी असते. एका डावातून दुसऱ्या डावात खरी सोबत करते ती पदार्थांच्या गुणधर्मांची जाण. वरील दोन द्रव्यांबाबत मात्र पाठांतर कामी येत नाही; तेथे निरीक्षण व प्रयोग यांचीच कास धरावी लागते.

सांस्कृतिक संदर्भ

खेळातील अनेक नावे फिनिश लोकपरंपरेतून घेतलेली आहेत. खेळाच्या अखेरीस मिळणारी 'सांपो' ही वस्तू फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यातील आहे. तेथे इल्मारिनेन या लोहाराने घडवलेला सांपो पीठ, मीठ व धन दळणारे जाते आहे. खेळाच्या एका शेवटात संपूर्ण जगाचे सोने होते. किमयागाराची सर्वांत मोठी आकांक्षा अशा रीतीने पूर्ण होते, परंतु त्या जगात वाहते पाणी किंवा वाढते गवत उरत नाही.