चैत्र-वैशाखातील सुखे : बेळगाव-निपाणी परिसर

सीमाभागाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की लेखणी आपोआप ठराव, आयोग आणि आंदोलने यांच्याकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांचे सार्वजनिक आयुष्य त्या एका तारखेभोवती फिरत राहिले. पण त्याच पिढ्या दरवर्षी होळी पेटून गेली की नवा माठ घेत होत्या, आंब्याची अढी घालीत होत्या, गच्चीवर सांडगे वाळवीत होत्या आणि वळिवाच्या पहिल्या थेंबाला अंगणात येऊन उभ्या राहत होत्या. या गोष्टींची दखल कोणत्याही आयोगाच्या अहवालात सापडत नाही. एका वाचनालयाच्या शताब्दीग्रंथात मात्र त्यांना जागा असावी. कारण वाचनालय हे देखील येथील उन्हाळ्याच्या सुखांपैकीच एक आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंचीवर आहे. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, पूर्वेला पसरत गेलेले पठार. दुपारी डांबरी रस्ता तापला तरी दिवेलागणीच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटतो आणि माणसे घराबाहेर येतात. निपाणी त्याहून कोरडी. पुढे चिकोडी-अथणीकडे जावे तसतसे ऊन अधिक कडक होत जाते. ज्या प्रदेशात उन्हाळा केवळ सोसावा लागतो तेथे त्याचे कौतुक होत नाही. येथे दिवस सोसावा लागतो आणि संध्याकाळ मिळते. चैत्र-वैशाख हा येथे गाठीभेटींचा हंगाम झाला, याचे मूळ या हवामानात शोधावे लागेल.

उन्हाळ्याची पहिली वर्दी देतो तो कुंभार. खानापूरची माती प्रसिद्ध आहे. तेथील कुंभारकाम आणि कौले यांचा लौकिक जुना असून ग्रामीण कुंभारकामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच उभी राहिली. माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावयाचा, खणखणीत आवाज आला तरच पैसे द्यावयाचे, ही परीक्षा आजही बदललेली नाही. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होताना ती आतली उष्णता घेऊन जाते. एवढेच त्यातले शास्त्र. म्हणून जुन्या, छिद्रे बुजलेल्या माठातले पाणी गार होत नाही आणम दरवर्षी नवा माठ घ्यावा लागतो. वाळ्याची जुडी टाकलेल्या त्या पाण्याची चव शीतकपाटातल्या बाटलीला नाही, असे म्हणणारे लोक घरात शीतकपाट असूनही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवई ठेवतात.

मग डोंगर गावात उतरतो. जांबोटी, कणकुंबी, चंदगड या बाजूच्या रानांतून करवंदे, जांभळे, फणस आणि काजू येतात. डोंगरातल्या बायका पाट्या घेऊन येतात आणि पानांच्या द्रोणात करवंदे मोजून देतात. काजू हा तसा परदेशी पाहुणा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलमधून गोव्यात आणला आणि तेथून तो घाटाच्या वाटांवर असा काही रुजला की ओल्या काजूची उसळ हा आता येथला कुळाचार वाटावा. हापूसचे नावही त्याच वाटेने, अफोन्सो द आल्बुकेर्क याच्या नावावरून आले. पुढे हे दोन्ही जिन्नस राज्यांच्या हद्दी ओलांडून आले, पण आंब्याला कोणी कधी त्याची मातृभाषा विचारली नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर पन्ह्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मराठी घरात उकडलेल्या कैरीचा गर, गूळ आणि वेलदोडा यांचे पन्हे होते. शेजारच्या कानडी घरात रामनवमीला गूळ, सुंठ आणि वेलदोडा घातलेले पानक होते. त्यात कैरी असतेच असे नाही. पेये दोन, पण शब्दाचे मूळ एकच, संस्कृत ‘पानक’. मराठीने तो आपल्या उच्चाराप्रमाणे झिजवून घेतला, कन्नडने जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ सालचा. राजाने कोणकोणते भोग घ्यावेत याचे वर्णन करताना त्याने पाणी आणि पानके यांनाही प्रकरणे दिली आहेत. मराठीचे जुने नमुने शोधणारे अभ्यासक ज्या ग्रंथाकडे जातात, त्यांतही ‘मानसोल्लास’चा समावेश होतो, कारण त्यात मराठी पदांचे अंश आले आहेत. कन्नड मुलखात राजधानी असलेला राजा संस्कृतात लिहितो, त्यात मराठी पदे येतात आणि उन्हाळ्याच्या पेयांचे कौतुकही येते! सीमाप्रश्नावर बोलताना दोन्ही बाजूंचे वक्ते चालुक्यांना साक्षीला बोलावतात. त्यांनी पानकाचे प्रकरणही वाचावयास हरकत नाही.

हे पन्हे खऱ्या अर्थाने सार्वजनिक होते ते चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यावर बसते. घरात आरास, वाटली डाळ, भिजवलेले हरभरे, मोगऱ्याचे गजरे आणि हातावर गुलाबपाणी. ज्या काळात मध्यमवर्गीय स्त्रियांना एकमेकींच्या घरी विनाकारण जाण्याची मुभा नव्हती, त्या काळात या महिन्याने त्यांना रोज संध्याकाळी एक कारण दिले. त्यामागचे कष्टही त्यांचेच होते. पहाटे उठून कुरडयांचा चीक शिजवावयाचा, ऊन चढण्याआधी पापड लाटून व्हावयाचे, कावळ्यांची राखण मुलांकडे द्यावयाची. राखणीची मजुरी म्हणून मिळणारी चिकाची वाटी आणि ओलसर पापडाची लाटी मुलांना आंब्याइतकीच प्रिय होती.

चैत्री पौर्णिमेला सुख घराबाहेर पडते. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा भरते; उंच सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर न्हाऊन निघतो. बेळगाव-निपाणीकडून भाविक पायी आणि बैलगाड्यांनीही जात आले आहेत. जोतिबाला दवणा वाहतात. हिरवट-राखी रंगाच्या, उग्र पण गोड वासाच्या या वनस्पतीने यात्रेकरूंचे कपडे कितीतरी दिवस दरवळत राहतात. याच पौर्णिमेला कन्नडमध्ये ‘दवनद हुण्णिमे’ म्हणजे दवण्याची पौर्णिमा म्हणतात आणि त्या दिवशी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरही गर्दी लोटते. एका दिवशी एकाच प्रदेशातली माणसे दोन निरनिराळ्या दिशांना निघतात, आणि पुष्कळ घरांत दोन्हीकडे जाणारी माणसे असतात.

सार्वजनिक सभांचा हंगामही हाच. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात व्याख्यानांची जी माला सुरू झाली तिला वसंताचे नाव मिळाले. शाळा-महाविद्यालयांना आणि कोर्टांना सुट्टी, शेतकऱ्याला थोडी उसंत आणि संध्याकाळी उघड्या मैदानावर बसता येईल अशी हवा, एवढ्या गोष्टी एकत्र येतात त्या उन्हाळ्यातच. गावोगावच्या वसंत व्याख्यानमाला याच सोयीतून वाढल्या. बेळगावच्या इतिहासातील दोन मोठे प्रसंग या ऋतूत घडले, हा निव्वळ योगायोग नव्हे. एप्रिल १९१६ मध्ये येथे मुंबई प्रांतिक परिषद भरली आणि त्याच वेळी लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. पुढे मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात मराठी साहित्य संमेलन झाले आणि १२ मे रोजी संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला. त्या ठरावाने पुढच्या दहा-पंधरा वर्षांचे राजकारण ढवळून काढले. सभेहून परतल्यावर अंगणात बाजा टाकून मध्यरात्रीपर्यंत रंगणारी चर्चा हा अशा प्रसंगांचा उत्तरार्ध असे, आणि काहींच्या मते तोच अधिक रंगे.

बेळगावची शिवजयंतीही वैशाखातली. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीविषयी पूर्वीपासून वैशाख शुद्ध द्वितीयेची परंपरा होती. टिळकांनीच १९१६ साली जेधे शकावली प्रकाशात आणली आणि तिच्यातील फाल्गुन वद्य तृतीयेची नोंद पुढे आली. महाराष्ट्र शासन आता १९ फेब्रुवारी मानते. बेळगावकरांनी मात्र आपला वैशाख सोडला नाही. तिथीचा वाद विद्वानांनी मिटवावा, पण रात्रभर चालणारी चित्ररथांची मिरवणूक थंडीच्या दिवसांत इतकी फुलली असती काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. खेड्यापाड्यांतून सहकुटुंब आलेली माणसे रस्त्याच्या कडेला जागा धरून बसतात, लहान मुले मांडीवर झोपी जातात आणि देखावा आला की त्यांना हलवून उठवितात. द्वितीयेला लागूनच तृतीया. त्या दिवशी बसवेश्वर जयंती असते. पोलिसांना या आठवड्यात विश्रांती नसते हे खरे, पण गावाला सलग उत्सव मिळतो.

निपाणीच्या उन्हाळ्याची गोष्ट यापेक्षा निराळी आहे. तेथला फाल्गुन-चैत्र तंबाखूचा. विडीच्या तंबाखूसाठी हा परिसर देशभर ओळखला जातो. शेतात वाळलेला पाला गोळा होतो, वखारींकडे गाड्या लागतात आणि वर्षभराच्या कष्टाचा हिशेब या महिन्यांत होतो. नवे लुगडे, लेकीचे लग्न, यात्रेचा खर्च, सावकाराची फेड हे सारे तंबाखूच्या भावावर अवलंबून असे. भाव ठरविणारा मात्र व्यापारी, आणि पैसे कधी मिळावयाचे तेही त्याच्याच मर्जीवर. म्हणून उन्हाळ्याच्या साध्या सुखांची यादी करणाऱ्याने निपाणीत थोडे थांबले पाहिजे.

१४ मार्च १९८१ पासून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. हजारो माणसे, बायकामुलांसह, बैलगाड्या रस्त्यावर सोडून. मागणी रास्त भावाची होती. रस्त्यावरच चुली पेटल्या, भाकऱ्या झाल्या, रात्री भजने झाली. वस्तीला आंदोलननगर असे नाव पडले. कानडी बोलणारा शेतकरी आणि मराठी बोलणारा शेतकरी तेथे शेजारी शेजारी बसले होते, कारण व्यापारी देत असलेला भाव दोघांना एकच होता. ५ एप्रिलला गुढीपाडवा होता. तो त्यांनी घराबाहेर, त्या तापल्या रस्त्यावर काढला. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. चोवीस दिवसांचे आंदोलन मोडले गेले. कडुलिंबाची डहाळी दारावर लागते तेव्हा निपाणी भागातील जुन्या माणसांना पाडव्याबरोबर त्याचा दुसरा दिवसही आठवतो.

वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि निवडणाऱ्या स्त्रियांची कथा याच हंगामाची दुसरी बाजू आहे. बंद वखारीतली उकाड्याची धूळ डोळ्यांत आणि छातीत घेत त्यांचा दिवस जाई. या स्त्रियांनी संघटना बांधली, हक्क मागितले. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-समूहाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपटही केला. संध्याकाळी वखारीतून सुटून बाहेरच्या वाऱ्यात येणे हे सुख किती मोठे असते, ते त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

सुट्टीच्या बाबतीत सीमाभागाची एक गंमत आहे. कर्नाटकातील शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात आणि मे अखेरीस उघडतात. महाराष्ट्रातील शाळा मे महिन्याच्या तोंडाशी सुटून जूनच्या मध्यावर उघडतात. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीची मामे-मावस भावंडे निपाणीला येऊन पोहोचतात तेव्हा यजमान मुलांची निम्मी सुट्टी संपलेली असते, आणि पाहुण्यांचा मुक्काम ऐन रंगात असताना यजमानांना दप्तर शोधावे लागते. राज्यपुनर्रचनेचे परिणाम मोठ्यांना भाषणांतून कळतात. मुलांना ते असे कळतात.

एप्रिलच्या त्या पहिल्या, पाहुण्यांवाचूनच्या पंधरवड्यात मुले वाचनालयाकडे वळत. जाड भिंती, उंच छप्पर, फरशीचा गारवा आणि दुपारच्या शांततेत फिरणारा पंखा. वर्तमानपत्रांच्या उतरत्या टेबलांशी पेन्शनर, बालविभागात ‘चांदोबा’च्या जुन्या अंकांवर वाकलेली डोकी. रोज एक पुस्तक बदलावयाचे असा नियम असला तर सकाळचे पुस्तक संध्याकाळी वाचून झाल्याचे दुःख दुसऱ्या दिवसापर्यंत बाळगावे लागे. शाळेत ज्यांचा पुष्कळसा वेळ इतर भाषा शिकण्यात जाई, अशा मुलांना या सुट्टीत मराठी परीक्षेवाचून भेटे. सीमाभागातील वाचनालयांनी भाषेची सेवा केली असे समारंभात म्हटले जाते. ती सेवा प्रामुख्याने अशा दुपारी, कोणाच्याही लक्षात न येता झाली.

आणि मग वळीव. दिवसभर कोंदटलेली हवा, दुपारनंतर पूर्वेकडे चढणारे काळे ढग, एकाएकी सुटलेला धुरळा, कौलांवर ताडताड आपटणाऱ्या गारा. वाळवण उचलण्याची धांदल आणि गारा वेचण्याची धांदल एकाच घरात एकाच वेळी चालते. अर्ध्या तासात सारे आटोपते. रस्त्यावर लाल पाण्याचे ओहोळ आणि हवेत मातीचा वास. शहरातल्या माणसाला एवढे पुरते. बेळगाव-खानापूरच्या भातशेतकऱ्याचा आनंद अधिक हिशेबी असतो. वळिवाने ढेकळे फुटतात, नांगरलेली जमीन कुळवता येते आणि मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागले की कोरड्या मातीतच कुरीने भाताची धूळपेरणी करता येते.

कुरी शेतात चालू लागते त्याच दिवसांत शाळा उघडतात. सुट्टीतली पुस्तके वाचनालयात परत येऊ लागतात आणि कपाटात लावण्यापूर्वी ती उघडून पाहिली तर एखाद्या पानावर आमरसाचे बोट उमटलेले सापडते.