रान कुणाचे आणि आग कुणाची?

श्रोतेहो, फाल्गुन-चैत्रात डोंगरावर वणवा दिसला की आपण म्हणतो, जंगलखाते बघून घेईल. रान सरकारचे, तेव्हा आगही सरकारचीच! हा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याला किती महाग पडला, ते ऐका.

तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो. रान मुख्यतः निलगिरीच्या जातींचे. पानांत तेल, खोडावर सालीच्या लोंबत्या चिंध्या. वारा सुटला म्हणजे पेटलेली साल उडून मैल-मैल पुढे पडते. अशा रानातले मूळ रहिवासी हजारो वर्षे थंड दिवस बघून गवताला नि पाचोळ्याला लहान लहान आगी लावीत, म्हणजे मोठ्या आगीला खाद्य उरत नसे. युरोपीय वसाहतवाले आले, मूळ लोक हुसकले गेले, आणि पुष्कळ भागांत ही रीत मोडली. ६ फेब्रुवारी १८५१ रोजी आजच्या व्हिक्टोरियाचा सुमारे चौथा हिस्सा वणव्यात सापडला.

पुढे १३ जानेवारी १९३९ चा शुक्रवार उजाडला. आधीच दुष्काळ, त्यात तापलेला वारा. त्या मोसमात ७१ माणसे गेली, सुमारे ५० लाख एकर जळाले. रानातली गावे आणि लाकूड कापण्याच्या गिरण्या राख झाल्या. न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांनी चौकशी केली. निष्कर्ष कडू होता : आगी बहुतेक माणसानेच लावलेल्या. गुरे चारणारे गवतासाठी चोरून जाळीत, जंगलखाते त्यांच्याशी भांडे, आणि पाणीपुरवठ्याचे मंडळ धरणांवरच्या रानात आग नकोच म्हणे. जो तो आपली हद्द राखीत होता; वाढलेला पाला मात्र कुणाचाच नव्हता. आगीला हद्द कुठली कळते?

त्यानंतर सर्व सरकारी जमिनीच्या अग्निरक्षणाची जबाबदारी जंगलखात्याकडे एकवटली. १९४४ च्या वणव्यांनंतर खेड्यांसाठी स्वतंत्र अग्निशमन संस्था उभी राहिली, आणि ती गावोगावच्या स्वयंसेवकांच्या बळावर चालते.

मग प्रश्न मिटला का? नाही. ७ फेब्रुवारी २००९ रोजी लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे दगावली. चौकशी आयोगाने २०१० मध्ये सुचवले, दरवर्षी सरकारी जमिनीचा निदान ५ टक्के भाग ठरवून जाळा. पण आकडा गाठायचा म्हटले की दूरचे मोठे रान जाळणे सोपे. घरांजवळचे जाळणे अवघड, धोक्याचे. म्हणून २०१५ मध्ये सरकारने एकर मोजणे सोडून धोका किती घटला ते मोजायचे ठरवले. आणि हेही खरे, की अगदी भयंकर वाऱ्याच्या दिवशी आधी जाळलेले रानही आग थोपवीलच असे नाही. घराभोवतीची जागा ज्याची त्यानेच साफ ठेवावी लागते.

आपल्याकडेही वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते. ते काम त्यांचे. आपण परस्पर रानाला काडी लावू नये, तो गुन्हा आहे. पण गुरुजींनो, मुलांकडून गावाचा नकाशा काढवा. गायरान, वनखात्याची जमीन, रस्त्याची कड, खासगी माळ, सगळे दाखवा. मग प्रत्येक हद्दीवर एकच प्रश्न लिहा : इथले वाळले गवत होळीआधी कोण कापणार? जिथे उत्तर मिळणार नाही, ती जागा ग्रामसभेत मांडा.