एनआर४ए२

एनआर४ए२ हे मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्रावरील एक जनुक असून त्यापासून बनणारे प्रथिन 'नर-वन' या नावाने ओळखले जाते. हे प्रथिन प्रतिलेखन घटक आहे, म्हणजे पेशीच्या केंद्रकात ते डीएनएच्या ठरावीक जागी जोडले जाते व विशिष्ट जनुकांपासून आरएनए किती प्रमाणात तयार व्हावे याचे नियमन करते. मध्यमेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशींच्या जडणघडणीसाठी आणि प्रौढपणी त्या सुस्थितीत राहण्यासाठीही नर-वन आवश्यक असते. यांपैकी सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातील पेशींचा ऱ्हास झाल्यास कंपवात (पार्किन्सन आजार) होतो.

विकासातील कार्य

थॉमस पर्लमन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, हे जनुक नसलेल्या उंदरांत मध्यमेंदूतील डोपामिन पेशी तयार होत नाहीत. असे उंदीर जन्मानंतर लवकरच मरतात.

प्रौढ पेशींतील कार्य

पेशी एकदा घडली की नर-वनचे काम संपते का, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक होता. जन्मतःच मरणाऱ्या उंदरांवरून त्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. त्यासाठी जनुक वाढीच्या काळात शाबूत ठेवून नंतर केवळ डोपामिन पेशींतून काढून टाकण्याचे तंत्र वापरले गेले. २००९ व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगांत प्रौढ उंदरांमध्ये डोपामिनचे प्रमाण हळूहळू घटले, चेतातंतू विद्रूप झाले आणि हालचालींत दोष निर्माण झाले. पेशी तत्काळ नष्ट झाल्या नाहीत, त्या आधी निकामी होत गेल्या. कंपवाताच्या सुरुवातीच्या अवस्थेशी हे चित्र बरेच जुळते.

नर-वनच्या अभावी डोपामिन बनवणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराचे जनुक मंदावते, हे अपेक्षितच होते. मात्र सर्वाधिक परिणाम तंतुकणिकांच्या कार्याशी संबंधित, केंद्रकात असलेल्या जनुकांवर झाला. या पेशींना ऊर्जेची गरज मोठी असते, कारण एकाच पेशीचा अक्षतंतू अनेक शाखांत विभागून लाखो ठिकाणी संपर्क साधतो असा अंदाज आहे. त्यामुळे ऊर्जानिर्मितीतील थोडीशी घटही तिला जड जाते. एलएमएक्स१ए, एलएमएक्स१बी आणि एन्ग्रेल्ड-१ हे घटकही प्रौढ पेशींच्या रक्षणास हातभार लावतात.

कंपवाताशी संबंध

कंपवाताच्या रुग्णांत अल्फा-सायन्युक्लिनच्या गाठी असलेल्या पेशींमध्ये नर-वनचे प्रमाण कमी आढळते. उंदरांवरील २०१२ च्या अभ्यासानुसार अल्फा-सायन्युक्लिन वाढल्यास नर-वन घटते आणि पेशी जीडीएनएफ या संरक्षक प्रथिनाला प्रतिसाद देईनाशी होते.

लेव्होडोपा हे प्रचलित औषध डोपामिनची उणीव भरून काढते, परंतु पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. म्हणून नर-वनला उत्तेजन देणाऱ्या द्रव्यांचा शोध सुरू आहे. २००३ मध्ये या प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा इतर केंद्रकीय ग्राहींमध्ये संप्रेरक सामावणारी पोकळी येथे भरलेली दिसली, त्यामुळे हे काम अवघड मानले गेले. तथापि हिवतापावरील अमोडायक्विन हे औषध नर-वनला उत्तेजित करते, असे २०१५ मध्ये आढळले. कंपवातसदृश स्थिती निर्माण केलेल्या मोठ्या उंदरांच्या हालचालींत त्यामुळे सुधारणा झाली.